पदवीदानातील दाता कोण?

(तालुक्याच्या एका गावी, घरात प्रथमच पदवीधर झालेल्या तरुण-तरुणींच्या सत्कारसमारंभात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी अध्यक्षपदावरून केलेले भाषण.)

नवपदवीधर मित्रांनो, मैत्रिणींनो, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या आईवडिलांनो,

आजच्या निमंत्रणपत्रिकेत ‘मान्यवरांच्या हस्ते प्रमाणपत्रांचे वितरण’ असे शब्द होते. मी संयोजकांना विनंती केली की हे काम माझ्याकडे नको. ज्याचे प्रमाणपत्र, त्याच्या घरच्या माणसाने ते त्याच्या हाती द्यावे. त्यांनी ती मानली, ह्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. आपण सर्वांनी मघाशी पाहिलेच. एका मुलीच्या आजींनी प्रमाणपत्र उलटे धरले होते. सभेत थोडा हशा पिकला, आजीही हसल्या. परंतु ते सुलटे कसे धरावे हे त्यांना सांगायला त्यांची नात शेजारी उभी होती. ह्या एका दृश्यासाठी मी आज येथे आलो, असे म्हटले तरी चालेल.

मी माझी स्वतःची पदवी अशी घेतलेली नाही. मी १९८१ साली बी. ए. झालो. समारंभाचा अर्ज आला तेव्हा त्यात दोन रकाने होते: ‘उपस्थित राहून’ आणि ‘अनुपस्थितीत’. उपस्थित राहायचे म्हणजे विद्यापीठाचे शुल्क, झग्याचे भाडे, शहरात जाण्यायेण्याचा एस. टी. चा खर्च आणि एका रात्रीचा मुक्काम. मी दुसऱ्या रकान्यात खूण केली. माझ्या वर्गातील बहुतेकांनी तेच केले. पुढच्या वर्षी केव्हातरी पोस्टमन रजिस्टर टपालाने एक पुठ्ठ्याची नळी घेऊन दारी आला. मी घरी नव्हतो. आईने विचारले, “मनीआर्डर किती रुपयांची हाय?” पोस्टमन म्हणाला, “मनीऑर्डर नाही मावशी, पोराची पदवी आलीया.” त्याने शाईची डबी पुढे केली आणि आईने पोचपावतीवर अंगठा उठवला. माझ्या पदवीची पोच अशा रीतीने विद्यापीठाकडे परत गेली: माझ्या सहीने नव्हे, एका निरक्षर बाईच्या अंगठ्याने.

त्या वेळी मला ह्याची थोडी लाज वाटली होती. पुढे अर्थशास्त्र शिकलो, चौतीस वर्षे शिकवले, आणि हळूहळू ध्यानात आले की ती पोचपावती अगदी बरोबर माणसाकडे गेली होती. आज मी जे सांगणार आहे ते एवढेच आहे. पण ते नीट सांगायचे तर आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

प्रथम शब्दाचा विचार करू. ह्या समारंभाला आपण मराठीत ‘पदवीदान समारंभ’ म्हणत आलो. अलीकडे ‘दीक्षान्त’ हा शब्द रूढ झाला आहे. पहिल्या शब्दात दान आहे, दुसऱ्यात दीक्षा. दान म्हटले की दाता आला आणि याचक आला. दाता व्यासपीठावर आणि याचक खाली रांगेत. दीक्षा म्हटले की गुरू आला आणि गुरूची आज्ञा आली. वर्षानुवर्षे कष्ट करून, परीक्षा देऊन, स्वतःच्या गुणांनी जो उत्तीर्ण झाला त्याला दान कसले द्यायचे? आणि दान द्यायचेच असेल, तर जो देतो ती वस्तू त्याच्या मालकीची असली पाहिजे. कुलपतींच्या मालकीचे ह्यात काय असते? हा प्रश्न साधा आहे, पण शंभराहून अधिक वर्षे आपण तो विचारलेला नाही.

ही रचना आली कोठून? १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे तीन विद्यापीठे स्थापन झाली. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेल्या ह्या संस्थांचे मुख्य काम शिकवण्याचे नव्हते, परीक्षा घेण्याचे आणि पदव्या देण्याचे होते. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर हाच मुंबई विद्यापीठाचा कुलपती. म्हणजे ज्याच्या हाती राज्य, त्याच्याच हातून पदवी. काळा झगा आणि मागे लोंबणारी रंगीत पट्टी हा युरोपातील मध्ययुगीन विद्यापीठांतील धर्मगुरूंचा वेष. तो आपल्या उन्हात येऊन स्थिरावला. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्यांच्या विद्वत्तेविषयी आणि कार्याविषयी आपल्या मनात आदरच आहे. माझा प्रश्न त्यांच्याविषयी नाही. तो त्या सभागृहाविषयी आहे.

मुंबईच्या फोर्ट विभागात विद्यापीठाचे पदवीदान सभागृह आहे. आपल्यापैकी कोणी मुंबईस गेले तर ते जरूर पाहावे. इमारत खरोखरच देखणी आहे. ते १८७४ साली पुरे झाले. त्याचा आराखडा गिल्बर्ट स्कॉट ह्या इंग्रज वास्तुशास्त्रज्ञाने केला आणि हे गृहस्थ मुंबईस कधी आलेच नाहीत. सभागृहासाठी सर कावसजी जहांगीर ह्यांनी एक लाख रुपये दिले. शेजारचे ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर ह्यांसाठी प्रेमचंद रायचंद ह्यांनी १८६४ साली चार लाख रुपये दिले. राजाबाई हे त्यांच्या आईचे नाव. आता १८६४ हे साल अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरता कामा नये. १८६१ पासून अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला. तो कापूस वऱ्हाडातून आला, खानदेशातून आला, गुजरातेतून आला. प्रेमचंद रायचंद हे कापसाचे मोठे दलाल. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या आणि खुद्द प्रेमचंदही त्यात ओढले गेले. पण विद्यापीठाला दिलेली रक्कम टिकली आणि तिच्यातून मनोरा उभा राहिला.

त्या दात्यांचे ऋण मी नाकारत नाही. त्यांनी पैसा विद्येसाठी दिला, हे चांगलेच केले. पण मनोऱ्यावर एका आईचे नाव कोरले गेले, आणि ज्या हजारो आयांनी उन्हातान्हात कापूस वेचला त्यांचे नाव कोठल्याच दगडावर नाही. पहिल्या पदवीधरांच्या यादीत त्यांच्या घरचे कोणी असण्याची तर शक्यताच नव्हती.

हा हिशेब आपल्याकडे प्रथम मांडला तो महात्मा जोतीराव फुले ह्यांनी. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन सादर केले. त्यातील युक्तिवाद आजच्या सार्वजनिक आयव्ययाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभेल असा आहे. सरकारचे उत्पन्न मुख्यतः रयतेच्या श्रमातून येते. त्यातील शिक्षणाचा खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. आणि ज्याच्या घामातून हा पैसा आला त्याच्या मुलाला प्राथमिक शाळाही मिळत नाही. जोतीराव अर्थशास्त्राचे पदवीधर नव्हते. परंतु कर कोण भरतो आणि लाभ कोणाला होतो, हा अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न त्यांनी पदवीधरांच्या आधी विचारला.

आता दुसरी बाजू. दान देणाऱ्याला दान नाकारण्याचाही अधिकार असतो, आणि तो अधिकार भरपूर वापरला गेला. मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी ही पुण्याच्या डेक्कन कॉलेजची विद्यार्थिनी. १८८० च्या दशकाच्या अखेरीस ती इतक्या वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली की तिला विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळावयास हवी होती. ती मिळाली नाही, कारण ती स्त्री होती. पुढे इतरांच्या मदतीने ती ऑक्सफर्डला गेली, १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली, आणि पदवी? ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास सुरुवात केली ती १९२० साली. केंब्रिजने तर स्त्रियांना पूर्ण पदवी दिली १९४८ साली, म्हणजे आपला देश स्वतंत्र झाल्यानंतर. कलकत्ता विद्यापीठाने मात्र १८८३ सालीच चंद्रमुखी बसू आणि कादंबिनी ह्या दोघींना बी. ए. ची पदवी दिली होती. ज्यांच्याकडून आपण झगे उसने आणले, त्यांच्यापेक्षा ह्या एका बाबतीत आपले एक विद्यापीठ कितीतरी पुढे होते, हेही मुलींनी ध्यानात ठेवावे.

ह्याच काळातील आणखी एक समारंभ मला नेहमी आठवतो. ११ मार्च १८८६ ह्या दिवशी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी ह्यांना पदवी मिळाली. सभागृहात त्यांच्या माणसांपैकी पंडिता रमाबाई आवर्जून हजर होत्या. सातासमुद्रापलीकडे, परक्या भाषेत चाललेल्या त्या समारंभात एका मराठी स्त्रीची पदवी पाहायला दुसरी मराठी स्त्री येऊन बसते, ह्यात समारंभाचे खरे मर्म आहे, असे मला वाटते. आपल्या माणसाने पाहिले पाहिजे. नळीतून आलेल्या पदवीला हे पाहणे नसते.

पदवीदानाचे व्यासपीठ हे सत्तेचे व्यासपीठ असल्यामुळे तेथे सत्तेला आव्हानही मिळाले. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी कलकत्ता विद्यापीठाच्या समारंभात गव्हर्नर स्टॅन्ले जॅक्सन भाषणास उभे असताना बीना दास ह्या पदवी घ्यावयास आलेल्या तरुणीने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. गव्हर्नर बचावले. बीनाला नऊ वर्षांची सक्तमजुरी झाली आणि तिची पदवी रोखली गेली. तिचा मार्ग माझा नाही. मी अहिंसेच्या पंथातला आहे. परंतु ज्या हातातून दान घ्यायचे तो हातच आपल्याला मान्य नाही, हा तिच्या मनातला पेच मला समजतो. कलकत्ता विद्यापीठाने तिला आणि प्रीतिलता वड्डेदार हिला मरणोत्तर पदव्या दिल्या त्या २०१२ साली. ऐंशी वर्षे लागली. त्याच विद्यापीठात १९३७ साली रवींद्रनाथ ठाकुरांनी पदवीदानाचे भाषण इंग्रजीऐवजी बंगालीत केले. येथे कोणी शस्त्र काढले नाही, पण हेही आव्हानच होते. त्यापूर्वी त्या समारंभात असे कधी घडले नव्हते.

आणि आपल्या मराठवाड्यात काय झाले? २७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यावरून दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. जवळजवळ साडेपंधरा वर्षे हा लढा चालला, आणि येथे जमलेल्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांपैकी काहींनी त्यात तुरुंगवास सोसला आहे. त्या वेळी पुष्कळ शहाणी माणसे म्हणत, नावात काय आहे? नावात हे आहे की पदवीच्या कागदावर ते माथ्यावर छापलेले असते आणि तो कागद आयुष्यभर भिंतीवर राहतो. ज्यांनी कोलंबियाची आणि लंडनची पदवी मिळवली, ज्यांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढून त्या भागातील दलित मुलांना पदवीचा रस्ता मोकळा करून दिला, त्यांचे नाव त्या कागदावर येऊ नये म्हणून केवढा आटापिटा झाला! पदवी हे नुसते प्रमाणपत्र नाही, ती समाजातील जागा आहे, हे विरोधकांनाही नेमके ठाऊक होते.

आता वेषाचा वाद. २ एप्रिल २०१० रोजी भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेत तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश ह्यांनी भर समारंभात अंगावरचा झगा काढून टाकला आणि ही वसाहतकालीन रानटी प्रथा आहे असे सांगितले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या वैद्यकीय संस्थांना काळा झगा व टोपी सोडून त्या त्या राज्याच्या परंपरेतील वेष ठरवण्यास कळवले. झगा गेला तर मला दुःख नाही. पण त्याच्या जागी काय येते ते पाहा. २०१९ साली पुण्याच्या विद्यापीठात झग्याऐवजी देशी पोशाख आला आणि लगेच प्रश्न उठला: पगडी पुणेरी की फुले पगडी? विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. काही वृत्तपत्रांनी त्याची थट्टा केली. मी थट्टा करणार नाही. परंपरेचा वेष म्हटले की कोणाची परंपरा, हा प्रश्न येणारच. प्राचीन गुरुकुलातील समावर्तनाचे गोडवे गाताना, त्या गुरुकुलाच्या दारात कोणाला उभे केले जात नव्हते, हेही सांगितले पाहिजे. एकलव्याकडून दक्षिणा घेतली गेली. त्याचे समावर्तन झाल्याची नोंद कोठे नाही.

वेष अर्थातून यावा लागतो. गांधीजींनी १९२० साली गुजरात विद्यापीठ काढले. तेथे खादी आली ती सजावट म्हणून आली नाही, सूतकताई हा तेथील शिक्षणाचाच भाग होता. शांतिनिकेतनात आम्रकुंजातील समारंभात स्नातकाला सप्तपर्णीचे पान देण्याची प्रथा पडली, कारण तेथील वर्गच झाडाखाली भरत. उलट, झग्याऐवजी उपरणे घातले, परंतु बसण्याची व्यवस्था तीच राहिली, पहिल्या तीन रांगा निमंत्रितांच्या, आईबाप गॅलरीत किंवा मांडवाबाहेर, सुवर्णपदके घेणारे दहा-वीस जण व्यासपीठावर आणि बाकीचे हजारो ‘अनुपस्थितीत’, तर बदलले काय? कापड बदलले.

मित्रहो, दानाची कल्पना जुनी झाली म्हणावे तर आता तिच्या जागी दुसरी कल्पना आली आहे, आणि ती अधिक बळकट आहे. ती म्हणजे खरेदीची. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. नंतर हे तत्त्व सर्वत्र पसरले. बापाने दोन एकर विकले, आईचे डोरले गहाण पडले, बँकेचे कर्ज झाले, आणि मुलगा म्हणाला, “ही पदवी मी पैसे मोजून घेतली आहे, मी कोणाचे काही लागत नाही.” त्याच्या रागात तथ्य आहे. अशा संस्थांतील काही समारंभ पाहिले म्हणजे वाटते की हा पदवीधरांचा गौरव नसून पुढच्या वर्षीच्या प्रवेशांची जाहिरात आहे: नामवंत पाहुणे, रोषणाई, ड्रोनने घेतलेली छायाचित्रे, टोप्या हवेत उडवण्याची तालीम. पण छायाचित्र निघाल्यावर पुढे काय? अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालानुसार देशातील पंचवीस वर्षांखालील पदवीधरांत बेकारीचे प्रमाण ४२ टक्क्यांहून अधिक होते. हवेत उडवलेली टोपी खाली येते तेव्हा हा आकडा जमिनीवर वाट पाहत असतो. व्यासपीठावरून तो कोणी वाचून दाखवत नाही.

तेव्हा पदवी दान नाही आणि खरेदीची वस्तूही नाही. मग ती काय आहे? मी माझ्यापुरता हिशेब सांगतो.

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. माझी आई खडी फोडायला जात होती. त्या दुष्काळात एका वेळी राज्यातील सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती. मिलोची लाल ज्वारी आणि सुकडी ह्यांवर आमच्यासारखी घरे जगली. त्याच अनुभवातून, वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून, रोजगार हमी योजना उभी राहिली. तिला १९७७ च्या कायद्याचे रूप आले. मागेल त्याला काम देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. पैसा कोठून आणायचा? त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. शहरातील नोकरदाराच्या, डॉक्टर-वकिलाच्या, प्राध्यापकाच्या उत्पन्नातून थोडी रक्कम घ्यावी, राज्य सरकारने तेवढीच भर घालावी, आणि तो पैसा खेड्यातील मजुराच्या कामासाठी वापरावा. माझ्या माहितीप्रमाणे पदवीधरावर कष्टकऱ्याचे ऋण आहे हे मान्य करणारा इतका सरळ कायदा आपल्या देशात दुसरा नव्हता.

पुढे मी प्राध्यापक झालो. पहिल्या वेतनपत्रकात कपातीच्या रकान्यात ‘व्यवसाय कर’ हे शब्द पाहिले तेव्हा मला आईची खडी आठवली. सहकारी त्या कपातीविषयी कुरकुर करीत. मी त्यांना सांगे, ही आपल्या पदवीची परतफेड आहे. आता त्या परतफेडीचे काय झाले ते ऐका. संविधानाने ह्या कराला वार्षिक कमाल मर्यादा घातली आहे. १९८८ साली ती अडीचशे रुपयांवरून अडीच हजार रुपये करण्यात आली आणि तेथेच थांबली. माझे वेतन वाढत वाढत लाखाच्या पुढे गेले. कर अडीच हजारच राहिला. दिवसाला सात रुपयेसुद्धा नाहीत. चहाच्या एका कपाला ह्याहून जास्त पडतात.

आणि माझ्या शिक्षणाचा खर्च? आमचे उत्पन्न कमी म्हणून यशवंतराव चव्हाणांच्या काळात सुरू झालेल्या ई. बी. सी. सवलतीत माझी फी माफ होती. फी माफ होती ह्याचा अर्थ ती कोणीतरी दुसऱ्याने भरली. त्या काळी करांच्या उत्पन्नाचा फार मोठा हिस्सा अप्रत्यक्ष करांचा होता. काडेपेटी, रॉकेल, साखर, जाडेभरडे कापड, ह्या सगळ्यांवर तो कर होता. म्हणजे ज्या बाईने कंदिलात रॉकेल घातले, तिने माझ्या महाविद्यालयाचा एक दिवा पेटवला. जोतीरावांनी १८८२ साली मांडलेला हिशेब शंभर वर्षांनी माझ्याही बाबतीत तसाच लागू होता. फरक एवढाच की आता रयतेचा एक मुलगा लाभार्थ्यांच्या यादीत होता.

ज्यांनी विनाअनुदान महाविद्यालयात पैसे भरले त्यांनाही मी हेच सांगेन. विकलेले दोन एकर कोणाच्या कष्टाने टिकले होते? तुमच्या प्रयोगशाळेतील यंत्रे, वसतिगृहातील भाकरी, तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात तुम्हाला शिकवणारे तरुण प्राध्यापक, ह्यांची पुरी किंमत तुमच्या फीमध्ये नव्हती. दाता व्यासपीठावर नसतो. तो मांडवाबाहेर असतो.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. एक, पदवीप्रदान प्रत्येक महाविद्यालयात व्हावे, विनाशुल्क व्हावे, आणि प्रत्येकाचे नाव पुकारले जावे. काही विद्यापीठांनी महाविद्यालयांत पदव्या देण्यास सुरुवात केली आहे. ती पाहुण्यांचे सत्कार आटोपण्यापुरती नसावी. दोन, पहिल्या रांगा पालकांच्या असाव्यात आणि भाषण त्यांना समजेल अशा मराठीत, वीस मिनिटांत संपणारे असावे. मी आज ही मर्यादा मोडली आहे हे कबूल करतो. तीन, मिरवणुकीत राजदंडामागे केवळ अधिष्ठाते आणि परिषदांचे सदस्य नकोत. ग्रंथालयातील शिपाई, प्रयोगशाळेतील परिचर, खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या बाया आणि तासिका तत्त्वावरील शिक्षक त्या मिरवणुकीत चालले पाहिजेत. चार, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: कुलगुरूंनी त्या दिवशी प्रगतीचा अहवाल वाचतात तसा गळतीचाही अहवाल वाचावा. तीन वर्षांपूर्वी ह्या वर्गात किती मुले आली, आज किती उभी आहेत, जी नाहीत ती कोठे गेली? किती मुलींची लग्ने झाली, किती मुलगे ऊसतोडीला गेले? शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत? पदवीधरांचा उत्सव करताना न झालेल्या पदवीधरांचा हिशेब दिला नाही तर तो उत्सव अपुरा आहे.

आणि नवपदवीधरांनो, तुमच्याकडून? मी तुम्हाला त्यागाचा उपदेश करणार नाही. नोकरी शोधा, आईबापांना सुखात ठेवा. ऋण फेडायचे म्हणजे संन्यास घ्यायचा असे नाही. पण ह्या गावात रोजगाराच्या कामावरचा हजेरीपट कोणी वाचत नाही. तो तुम्हाला वाचता येतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालील अर्ज तुम्हाला लिहिता येतो. बँकेच्या कर्जाच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी त्यात काय लिहिले आहे हे शेजारच्या काकांना तुम्ही सांगू शकता. पुढच्या वर्षी ज्या मुलीचे नाव ह्या यादीत यायला हवे आणि जिचे लग्न ठरवण्याची घाई चालली आहे, तिच्या घरी तुम्ही जाऊन बसू शकता. ही कामे लहान आहेत. व्यवसाय कर तुमच्या पगारातून सरकार कापून घेईल. हा कर तुम्हाला स्वतःहून भरायचा आहे, आणि ह्याला अडीच हजारांची मर्यादा नाही.

माझी आई आता नाही. ती पुठ्ठ्याची नळी माझ्याकडे अजून आहे. तिच्यातील कागद मी कधी चौकटीत बसवला नाही. त्यावर कुलगुरूंची सही आहे, विद्यापीठाची मुद्रा आहे. तिच्या अंगठ्याची पोचपावती तेवढी माझ्याकडे नाही. ती विद्यापीठाच्या कोठल्यातरी गठ्ठ्यात गेली आणि बहुधा रद्दीत निघाली असेल. माझ्या पदवीवरची खरी सही तीच होती.

आज ज्या हातांनी तुम्हाला प्रमाणपत्रे दिली, ते हात नीट पाहून ठेवा.